रिवायरिंग नवीन, तरी लोखंडी बॉक्सला करंट : अर्थिंग नेमकं कुठे तुटलंय ते कसं शोधायचं

प्रॉब्लेम सगळीकडे साधारण सारखाच असतो. जुनं घर, लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, ती काढून सगळं कन्सील करून घेतलं, नवीन डीबी (सगळ्या सर्किटच्या एमसीबींची पेटी), नवीन मॉड्युलर स्विच, आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओली झाली की बोर्डाच्या आजूबाजूला हात लागला तर मुंग्या येतात, नाहीतर सॉकेट बदलायला प्लेट काढली की आतल्या लोखंडी बॉक्सला लावलेला टेस्टर पेटतो. वायरमनला बोलावलं की तो एखादा स्क्रू आवळतो, एखाद्या जॉइंटला टेप गुंडाळतो, "ओल आहे ना भिंतीला, म्हणून होतंय" म्हणतो आणि जातो, मग ऑक्टोबरात भिंत वाळते, त्रास थांबतो, सगळे विसरतात आणि पुढच्या आषाढात परत तेच. ओल काही करंट तयार करत नाही हो, करंट बॉक्सवर आधीपासून बसलेला असतो, ओल आली की तो आपल्या हाताला कळतो एवढंच.

मी वायरिंगचंच काम करतो, तेही जास्त करून जुन्या घरांचं, वाडे, दगडमातीची घरं, लोड बेअरिंगच्या जुन्या बिल्डिंगी. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण यात जीव जाऊ शकतो आणि दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा वीतभर वायरच्या तुकड्याची असते.

आधी हे बघा की हा प्रॉब्लेम जुन्या घरांतच इतका का येतो. जुन्या वायरिंगला बोर्ड लाकडाचा असायचा, वर हायलमची (बेकेलाइटसारखी, करंट न जाणारी) शीट. लाकडी पेटीला अर्थिंग करायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे वायरमन लोकांच्या हाताला सवय अशी बसली की अर्थिंगची वायर आणायची, थ्री पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनला जोडायची, झालं अर्थिंग. लाइट-पंख्याच्या बोर्डाला तर अर्थिंग न्यायचीच नाही, "लाइटला कशाला अर्थिंग" हे वाक्य अजूनपण ऐकायला मिळतं. आता लाकडी पेटीच्या जागी भिंतीत जीआयचा लोखंडी बॉक्स बसला, पण हाताची सवय तीच राहिली. लोखंडी बॉक्स हा स्वतःच एक धातूचा भाग आहे, त्याच्या आत फेजची वायर वळून दाबून बसवलेली आहे, आणि त्याला स्वतःचं अर्थिंग पाहिजे, मग त्यात सॉकेट असो नाहीतर नुसते स्विच.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो की सॉकेटला अर्थिंग केलं की स्क्रूमधून बॉक्सलापण मिळतं. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून हे पसरलंय. ब्रिटनच्या सॉकेटला मागे धातूची पट्टी असते, ती अर्थच्या टर्मिनलला जोडलेली असते, त्यामुळे तिथे स्क्रूमधून बॉक्सपर्यंत अर्थ पोचतं. आपल्याकडच्या मॉड्युलर सॉकेटची फ्रेम असते प्लॅस्टिकची. सॉकेटची अर्थ पिन आणि मागचा बॉक्स यांचा एकमेकांशी काही संबंध येत नाही. म्हणजे सॉकेटमध्ये मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर म्हणतो) लावून अर्थिंग एकदम मस्त दिसेल आणि त्याच सॉकेटचा बॉक्स मात्र अधांतरी असेल.

आता शोधायचं कसं. कशालाही हात लावायच्या आधी मेन स्विच बंद, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोपण बंद, त्याची बॅटरीची वायर सोडवून. हे मी मुद्दाम आधी लिहितोय कारण मेन बंद केला तरी इन्व्हर्टरचं सर्किट चालूच राहतं आणि एकाच बॉक्समध्ये मेनची आणि इन्व्हर्टरची अशा दोन फेज बऱ्याच घरांत येतात. बंद केल्यावर पण टेस्टरवर भरवसा ठेवू नका, मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-बॉक्स दोन्ही शून्य बघा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी परवाना असलेल्या वायरमनकडूनच हे करून घ्यावं आणि ही पोस्ट त्याच्यासमोर धरावी.

पहिली गोष्ट, प्लेट काढा आणि बॉक्सला हिरवी वायर जोडलेली दिसते का बघा. बहुतेक जीआय बॉक्सला आत बाजूला किंवा मागे अर्थिंगचा एक स्क्रू दिलेला असतो. निम्म्या केसेस इथेच संपतात, कारण स्क्रू रिकामा असतो, बॉक्स दुकानातून आला तसाच भिंतीत गेलेला असतो. जोडायची पद्धत पण सांगतो कारण तीपण चुकते. आलेली हिरवी वायर सॉकेटच्या पिनला आणि तिथूनच दुसरी वायर बॉक्सला, तिसरी पुढच्या सॉकेटला असं एकाच टर्मिनलमध्ये कोंबू नका. उद्या सॉकेट जळलं आणि कोणी ते काढलं की पुढच्या सगळ्या सॉकेटचं आणि बॉक्सचं अर्थिंग त्याच्याबरोबर तुटतं. आलेली वायर, पुढे गेलेली वायर आणि दोन छोटे तुकडे हे सगळं एका चांगल्या कनेक्टरमध्ये एकत्र करा, एक तुकडा सॉकेटला, एक बॉक्सच्या स्क्रूला. मग सॉकेट काढा घाला, बॉक्सचं आणि पुढच्या लाइनचं अर्थिंग जागेवर राहतं. आणि प्लेट बसवायचे जे स्क्रू असतात त्यांच्यात अर्थिंगची वायर अडकवू नका, प्लेट काढली की ते सुटतं.

दुसरं, वायर जोडलेली दिसते पण धातूला टेकलेलीच नाही. हे तर फार होतं. बॉक्स आधी बसतो, मग गिलावा होतो, मग पुट्टी, मग रंग, आणि अर्थिंगच्या स्क्रूच्या आट्यात सिमेंट जाऊन बसतं, स्क्रू आत जात नाही, वायरमन अर्धवट फिरवून सोडून देतो. पावडर कोटिंगवाला बॉक्स असेल तर रंगाच्या थरावरच लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची रिंग) बसतो. मीटर ओहमवर ठेवून एक टोक हिरव्या वायरच्या उघड्या तांब्याला आणि दुसरं टोक बॉक्सच्या खरवडलेल्या चकचकीत भागाला लावा. नुसत्या बझरवर जाऊ नका, बरेच मीटर तीस-चाळीस ओहमलापण वाजतात, आकडा बघा. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा आणि उरलेला जवळजवळ शून्य यायला पाहिजे. येत नसेल तर जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, रिंगचा लग नीट क्रिंप करा, खाली दात असलेला वॉशर टाका आणि पितळी स्क्रू आवळा. बॉक्स नवीन बसवत असाल तर गिलाव्याच्या आधी आत कागद नाहीतर थर्माकोल ठासून भरून ठेवायचा, मग हा त्रासच होत नाही.

तिसरं कारण जुन्या बिल्डिंगीतलं, जिथे आधी लोखंडी पाइपातून वायरिंग झालेलं होतं. तिथे पाइप आणि बॉक्स एकमेकांना आट्यांनी जोडलेले असायचे आणि तो पाइपच अर्थिंगचं काम करायचा. आता रिवायरिंग करताना जिथे झिरी मारणं सोपं तिथे पीव्हीसी पाइप टाकला, जिथे बीममधून जुना पाइप गेलाय तिथे त्यातूनच नवीन वायर ओढली. मध्ये हातभर जरी पीव्हीसी आला तरी त्याच्या पुढचे सगळे जुने बॉक्स अर्थिंगपासून तुटले, आणि वरून बघितलं तर सगळं जिथल्या तिथे. जुन्या लोखंडी पाइपावर अर्थिंगसाठी अजिबात अवलंबून राहू नका, त्याचे जॉइंट गंजून कुठे तुटलेत ते भिंतीत दिसत नाही. प्रत्येक पाइपातून वेगळी हिरवी वायर ओढायची, मग पाइप लोखंडी असो की प्लॅस्टिकचा. साइज फेजच्या वायरीएवढीच घ्या, म्हणजे पॉवरच्या अडीचच्या (अडीच स्क्वेअर एमएम) लाइनला अडीचचीच हिरवी. १६ स्क्वेअर एमएमपर्यंत अर्थची वायर फेजएवढी हाच नियम आहे, दीडच्या वायरवर भागवतात पण फरकाचे पैसे इतके कमी असतात की तिथे वाचवण्यात काही अर्थ नाही. आणि पट्टीवरची जुनी उघडी अर्थिंगची तार परत वापरू नका, जॉइंटला ती काळी पडलेली असते.

आता मुख्य मुद्दा. समजा बॉक्सपासून डीबीपर्यंत सगळं बरोबर निघालं. डीबीतल्या अर्थच्या पट्टीपासून बॉक्सपर्यंत एक लांब वायर टाकून ओहम मोजला, वीस मीटर अडीचच्या तांब्याला साधारण ०.१५ ओहम यायला पाहिजे, तेवढाच आला, आणि तरी टेस्टर पेटतोय. मग उलटीकडे जा. डीबीच्या अर्थच्या पट्टीला घरातल्या सगळ्या हिरव्या वायरी छान रांगेत लावलेल्या असतात आणि त्या पट्टीतून जमिनीकडे जाणारी वायरच नसते! मी हे नव्या कोऱ्या डीबीत बघितलंय, फ्लॅटमध्ये तर नेहमीच. मीटर रूमपासून वर जिन्यातून दोनच वायरी आलेल्या असतात, फेज आणि न्यूट्रल, कारण जुन्या काळी तेवढ्याच आणल्या होत्या. घरातली सगळी अर्थिंग एकमेकांना जोडलेली आहे पण जमिनीला कुठेच नाही, आणि ही अवस्था अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट, कारण एका वॉशिंग मशीनची गळती फ्रीजच्या बॉडीला, गीझरला आणि सगळ्या बॉक्सना सारखी वाटली जाते.

दुसरी तितकीच नेहमीची गोष्ट म्हणजे पाण्याचा पाइप. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या जीआय पाइपाला क्लँप केलेली असायची. मग कधीतरी प्लंबिंग बदललं, सीपीव्हीसीचा प्लॅस्टिक पाइप आला, आणि त्या दिवशी घराचं अर्थिंग गेलं, प्लंबरला त्याचा पत्ता नाही आणि वायरमन तेव्हा तिथे नव्हता. मोरीतला जुना पाइपाचा तुकडा भिंतीत तसाच असतो, तार त्याला तशीच बांधलेली असते. तुमच्याकडे अशी तार दिसली तर ती अर्थिंग नाही असंच धरून चला.

हे तपासायला मीटरने सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन व्होल्टेज घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट, हे ठीक. फेज-अर्थ ११०-१२० आणि न्यूट्रल-अर्थपण शंभरच्या वर, तर समजा की अर्थ अधांतरी आहे. कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात ते बॉडीवर असं अर्धं व्होल्टेज आणून ठेवतात, लॅपटॉपला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या त्याच्याच. खात्रीसाठी काही लोक फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात, पूर्ण पेटला तर अर्थिंग आहे, मिणमिणला तर कमजोर. पद्धत खरी आहे पण एक धोका कोणी सांगत नाही. अर्थ अधांतरी असेल तर बल्बमधून फेज थेट घरातल्या सगळ्या बॉडींवर येते, त्या क्षणी कोणी गीझरचा नळ धरून उभं असेल तर काय होईल विचार करा. घरातले सगळे थ्री पिन प्लग काढून, गीझर-एसीसारख्या थेट जोडलेल्या वस्तूंची अर्थ सोडवून, घरच्यांना बाजूला बसवूनच ही टेस्ट. आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर ती या टेस्टला लगेच ट्रिप होते, पण त्यातून अर्थ कुठूनतरी जमिनीपर्यंत पोचतेय एवढंच कळतं, ती चांगली आहे असं नाही.

आता सगळ्यात धोक्याचा जुगाड, ज्याच्याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला लूप करतात. टेस्टर विझतो, मीटरला फेज-अर्थ २३० दिसतं, मुंग्या बंद होतात, गिऱ्हाईक खूश. पण खांबावरून येणारी न्यूट्रल सुटली, किंवा मेनच्या किटकॅटमधली न्यूट्रलची फ्यूज उडाली, की घरात चालू असलेल्या कुठल्याही बल्बमधून फेज न्यूट्रलच्या वायरीत येते आणि तिथून लूपमधून थेट बॉक्सवर, फ्रीजवर, गीझरवर, पूर्ण २३० व्होल्ट. विजेच्या मीटरकडे काम करताना कोणी फेज-न्यूट्रल उलटं जोडलं तरी तेच. ओळखायचं असं की त्याच सर्किटवर इस्त्री किंवा गीझर चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजा, खरं वेगळं अर्थिंग असेल तर थोडे तरी व्होल्ट दिसतात, लोड असूनपण अगदी ०.० दाखवलं तर लूपचा संशय घ्या. मग मेन बंद करून डीबीत त्या सर्किटची न्यूट्रल सोडवा आणि सॉकेटच्या न्यूट्रल-अर्थमध्ये ओहम बघा, जोडलेलं दाखवलं तर तुकडा कुठल्यातरी बॉक्समध्ये आहेच, एकेक बॉक्स उघडून शोधून काढा. नवीन आरसीसीबी लावल्यावर लोड टाकला की ट्रिप होते ही तक्रार जी येते त्याच्यामागे बऱ्याचदा हाच लूप असतो, नाहीतर इन्व्हर्टरची न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असते, आणि लोक कारण शोधायच्या ऐवजी आरसीसीबीच बायपास करून टाकतात. कृपा करून ते करू नका, तिने बरोबर जागा दाखवलीये.

बॉक्सवर फेज मुळात येते कुठून, तेही बघितलंच पाहिजे, नुसतं अर्थिंग जोडून थांबायचं नाही. पाइप आत येण्यासाठी बॉक्सला पाडलेल्या भोकाची कड ब्लेडसारखी असते, तिथे रबरी बुश नसेल तर वायर ओढतानाच इन्सुलेशन सोलतं. दुसरी जागा म्हणजे उथळ बॉक्समध्ये जास्त वायरी कोंबून प्लेटचा स्क्रू आवळला की लांब स्क्रू वायरीत घुसतो. तिसरी म्हणजे जुन्या रबरी वायरचा एखादा तुकडा कुठेतरी तसाच ठेवलेला, हाताने वाकवला तरी भुगा होतो. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असलेल्या वायरमनकडून ५०० व्होल्टला इन्सुलेशन मोजून घ्या, आधी सगळे प्लग, एलईडी बल्ब, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून. एक मेगाओहमच्या खाली आलं तर नापासच, पण नवीन वायरिंगला त्याच्या कितीतरी पट आलं पाहिजे, दोन-तीन मेगाओहमवर समाधान मानू नका.

वाईकडच्या एका दगडमातीच्या घरात नेमकं असंच होतं, माजघरातल्या बोर्डाखाली भिंतीला हात लावला की झटका, आणि कारण निघालं लाइटच्या बोर्डातली सोललेली फेज जी अर्थिंग नसलेल्या बॉक्सला टेकून होती. मातीची भिंत ओली, त्यामुळे ती सगळी जागाच जिवंत झालेली. एमसीबी (करंट रेटिंगपेक्षा जास्त झाला की पडणारा स्विच) काही पडली नाही, पडणारच नव्हती.

एमसीबी का पडत नाही हे आकड्यात बघा. आपल्या घरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स समजा २० ओहम आहे. फेज बॉक्सला टेकली तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ ची एमसीबी साडेअकराला आयुष्यभर पडणार नाही, सी टाइपला झटक्यात पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो म्हणजे ८० ते १६०. म्हणजे अर्थिंग केलेलं असूनही बॉक्स जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर बसून राहणार आणि विजेचं मीटर पळत राहणार. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजेच, २० ओहमच्या खड्ड्यावर तेवढ्या गळतीला बॉक्सवर ०.६ व्होल्ट येतात आणि ती पडते. एक लक्षात ठेवा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं आणि ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नाही, ते बटण आतल्या आतच फरक तयार करतं, अर्थची वायर नसली तरी पडते. आणि बॉक्सला अर्थिंग नसेल तर आरसीसीबी कधी पडणार, तर कोणीतरी बॉक्सला हात लावून करंट स्वतःच्या अंगातून जमिनीत जायला लागल्यावर. अर्थिंग असेल तर फेज टेकल्या क्षणी पडते, कोणी हात लावायच्या आधी.

खड्ड्याबद्दल थोडक्यात, स्वतंत्र घर असेल तर जीआय पाइपचा इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांब, भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. कोकणातला जांभा किंवा देशावरचा काळा दगड लागला तर रेझिस्टन्स उतरत नाही, मग दोन-तीन इलेक्ट्रोड एकमेकांपासून अंतर ठेवून जोडायचे. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतत जा, आणि वर्षातून एकदा जोडणीचा नटबोल्ट गंजलाय का बघा.

फ्लॅटवाल्यांना ज्यांच्याकडे वर अर्थ आलेलीच नाही त्यांनी सोसायटीच्या कमिटीला लेखी देऊन मीटर रूमच्या अर्थपासून जिन्यातून वायर किंवा पट्टी वर आणायला लावा, एकट्याने आणण्यापेक्षा सगळ्या मजल्यांनी मिळून खर्च कमी येतो आणि सगळ्यांचाच जीव वाचतो. ती येईपर्यंत आरसीसीबी लावून ठेवा, जिथे भिंत फोडायचीच आहे तिथे लोखंडीऐवजी पीव्हीसीचा बॉक्स बसवा, पण हिरवी वायर तिथपर्यंत ओढून ठेवा कारण सॉकेटच्या पिनला ती लागणारच. गॅसच्या पाइपाला, शेजारच्यांच्या नळाला किंवा गॅलरीच्या ग्रिलला अर्थ बांधू नका, गळती झाली तर झटका दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताला बसतो.